पलंगपोसावरचा चौक

मुंबईहून परत आलं की सांगलीत दोन प्रश्न ठरलेले असतात. समुद्र पाहिलास का, आणि कुठला नट दिसला? मी बारा दिवस राहून आले आणि समुद्र काही पाहिला नाही. नटाचं म्हणाल तर एका नटाची घोडागाडी दिसली, तीही बिनघोड्याची. चार माणसं ती ढकलत नेत होती. हे ऐकून आमच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, मग गेला होतात कशाला? त्यांना उत्तर देता देता मधली सुट्टी संपली आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे.

गोरेगाव

माझी मैत्रीण कुसुम गोरेगावात राहते. कोल्हापूरला ट्रेनिंगला असताना आम्ही दोघी एका खोलीत होतो. मी पुढे सांगलीच्या मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई झाले आणि लग्नाच्या भानगडीत पडले नाही. कुसुम पडली आणि मुंबईला आली. माहेर मालवणकडचं, तोंड फटकळ, हात सढळ. तिचे यजमान आरे कॉलनीतल्या दुधाच्या कचेरीत कारकून आहेत, त्यामुळे घरात दुधाला तोटा नाही आणि पाहुण्याला चहा नको म्हणायची सोय नाही.

मुंबई म्हणजे नुसत्या इमारती, असं ज्यांना वाटतं त्यांनी गोरेगावला पूर्वेच्या बाजूला उतरून चालू लागावं. पाच मिनिटांत भाताची खाचरं लागतात, दहा मिनिटांत ताडाची झाडं. मध्येच सिनेमाचे स्टुडिओ आहेत. पहिल्याच सकाळी मी एका सुबक देवळासमोर चप्पल काढून हात जोडले. प्रदक्षिणेला म्हणून मागे गेले, तर मागे नुसते बांबू, आणि बांबूंच्या आधाराला बसून एक सुतार विडी ओढत होता. त्याने मलाच परत नमस्कार केला. कुसुम हे सगळ्या आळीला सांगत सुटली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गेल्या वर्षी याच दिवसांत मी कुसुमकडे आले होते. आरे कॉलनीच्या रानात वारल्यांचे जुने पाडे आहेत. त्यातल्या एका पाड्यावर कुसुम आठवड्यातून दोन दुपारी पोरींना अक्षरं शिकवायला जाते. तिथे एक लग्न निघालं होतं, म्हणून ती मला घेऊन गेली. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. 'काढतात' म्हटलेलं त्यांना चालत नाही, चौक 'लिहितात'. मधोमध चौकोन, चौकोनात पालघट देवी, आणि बाहेर सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं, मोर, नाचणारी माणसं. बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करतात. लिहून होईपर्यंत धवळेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, शेजारी बसून गात असते. मी दोन तास जागची न हलता तो चौक वहीत उतरवून घेतला. घरी आल्यावर पट्टी घेऊन त्यांच्या वेड्यावाकड्या रेघा सरळ केल्या, आणि चित्र शाळेच्या प्रदर्शनात मांडलं.

तिथे घाटकोपरचे एक मगनभाई आले होते. त्यांचा ठशांनी कापड छापण्याचा कारखाना आहे आणि ते गावोगाव नमुने घेऊन हिंडतात. त्यांना चित्र फार आवडलं. मी मोठेपणाने सगळी वहीच त्यांच्या हातात दिली. बदल्यात काही नको, तुमच्या कापडावर शोभून दिसेल तेवढं पुरे, असंही वर म्हटलं. या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला त्यांच्याकडून पार्सल आलं: सुंदर पलंगपोस, पांढऱ्या कापडावर तांबड्या रंगात अख्खा चौक, देवीसकट. सोबत आभाराची चिठ्ठी. फोर्टातल्या एका मोठ्या दुकानाने असे पुष्कळ मागवले आहेत, असं तिच्यात लिहिलं होतं.

मी इतकी फुगले की काही विचारू नका. हा पलंगपोस पाड्यावरच्या बायांनाच नेऊन द्यायचा, त्यांची कला कुठवर पोचली ते त्यांना दाखवायचं, असं ठरवून तो ट्रंकेच्या तळाशी घातला. कुसुमला आधी दाखवला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला गंमत करायची होती.

पाडा

आरेची बस रानातून जाते. दोन्ही बाजूंना पळस फुलायला लागले होते. म्हशींच्या गोठ्याला इथे युनिट म्हणतात आणि त्याला नंबर असतो. आमच्याकडे म्हैस म्हणजे चिखलात बसलेला काळा दगड. इथल्या म्हशी धुऊनपुसून रांगेत उभ्या, जणू शाळेची तपासणी आहे. एका युनिटापाशी उतरून आम्ही पायवाटेने अर्धा तास चाललो आणि पाड्यावर पोचलो.

धवळेरीचं नाव बुधी. कुसुम तिला बुधीमावशी म्हणते. काळी, किडकिडीत, केस पांढरे, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे असं बघते की आपण गृहपाठ विसरलो आहोत असं वाटावं. पाड्यावर लहानथोर सगळ्यांना 'तू'. सांगलीत शाळेचा शिपाईसुद्धा मला 'बाई, आपण' म्हणतो. पहिल्या वर्षी हे 'तू' कानाला खुपलं होतं, या वर्षी मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं.

आधी जेवण झालं. नाचणीची भाकरी, भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी आणि उकडलेले करांदे. करांदे कडू म्हणतात ते खरं, पण तिसऱ्या घासाला कडूपणाची सवय होते आणि पाचव्याला आपण आणखी मागतो. बरोबर भोपळ्याच्या तुंब्यातून गढूळ पाणी आलं. मुंबई राज्यात दारूबंदी आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कुसुमकडे पाहिलं. नीरा आहे गं, पी, असं ती म्हणाली. नीरा सूर्य वर यायच्या आत प्यायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. दोन पेले घेतल्यावर मी सगळ्यांना सांगलीच्या हळदीच्या बाजाराविषयी फार सविस्तर सांगितलं, असं कुसुम म्हणते.

अशा खुशीत मी पिशवीतून पलंगपोस काढला आणि ओट्यावर पसरला.

बाया भोवती जमल्या. कमळी म्हणून एक तरणी सवाशीण आहे. गेल्या वर्षीच्या चौकात तिचाच हात जास्त चालला होता. तिने तो लगेच ओळखला आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग एकेक जण माझ्याकडे बघून हसू लागली. एकीने माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं, काय हा कौतुकाचा वर्षाव. शेवटी कमळीने विचारलं, "नवरा कठला, बाय?"

कुसुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिने मला समजावून सांगितलं. इथे लग्नावाचून चौक लिहीत नाहीत. मी चौक घेऊन आले, त्या अर्थी माझं लग्न ठरलं असणार, आणि मी धवळेरीला बोलवायला आले असणार. एवढ्या वयाची नवरी म्हणून तर त्यांना दुप्पट आनंद झाला होता.

मी घाईघाईने सांगितलं, तसं काही नाही. हे नुसतं कापड आहे, पलंगावर घालायचं. असे पुष्कळ छापले आहेत, आणखी छापणार आहेत.

हसू थांबलं. बुधी उठून जवळ आली, देवीच्या चौकोनावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "लगीन कोनाचां?"

"कोणाचंच नाही."

"मंग हिला कशाला बोलवलीस? आन हिच्यावर मानसां निजतील?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आमच्याकडे रांगोळी असते, एकीची रांगोळी दुसरी बघून काढते, कोणी कोणाला विचारत नाही. कुसुम माझ्यावर उखडली. "गौरीचा मुखवटा उशाखाली घेऊन झोपशील काय गं वच्छे? वाट लावलीस ना सगळ्याची. आणि मला आधी दाखवायला काय झालं होतं?"

मला रडू आलं. खरंच आलं. वीस वर्षं मुलींना सांगत आले की दुसरीच्या वहीतलं उतरवून घेऊ नका, आणि मी स्वतः काय केलं होतं? बुधीने पलंगपोसाची घडी घातली, देवी आत येईल अशी, आणि ती दाण्यांच्या कणगीवर उंच ठेवून दिली. मग तिने विचारलं, तो शेट कुठे राहतो. मी म्हटलं, घाटकोपरला, आजच चिठ्ठी लिहिते, फार सज्जन माणूस आहे.

"चिठ्ठीत माजा तोंड दिसंल का?" बुधी म्हणाली. "मी येतां."

पवईच्या रस्त्याने

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमच्या यजमानांच्या ओळखीने आम्हाला ट्रक मिळाला. म्हशींना पेंड आणायला तो घाटकोपरकडे रिकामाच जातो. बुधी, कमळी, कुसुम आणि मी, चौघी मागच्या हौद्यात पोत्यांवर बसलो. माझ्या आयुष्यातला हा पहिलाच ट्रकप्रवास. सांगलीत कोणी पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण सांगते, मोटारीच्या काचेतून दिसतं त्याच्या दसपट यातून दिसतं. मरोळवरून पवईला आलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं आणि काठाला दोन साहेब गळ टाकून बसले होते. कमळीने विचारलं, यांच्या घरी मासे आणायला बायका नाहीत का?

ट्रकवाला पास्कू मरोळच्या जुन्या गावातला, ख्रिस्ती, मिशीवाला. तळ्याकाठी इंजिनाला पाणी घालायला तो थांबला आणि घरून आणलेली हातभाकरी, तांदळाची, जाडसर, आमच्यात वाटून टाकली. कुठे चाललो आहोत असं त्याने विचारलं, तेव्हा कुसुमने सगळं सांगितलं. मी मध्ये मध्ये माझी बाजू मांडायचा प्रयत्न केला. पास्कूने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला म्हणाला, "आमचे लगनान उंबराचां पानी आनतान, वाजंत्री लावून. ते पानी कोनी बाटलीन भरून दुकानान ठेवला, तं आमी काय बोलू, सांग."

पुढच्या वळणावर ट्रक असा उसळला की माझा चष्मा पोत्यांच्या ढिगात गेला. चौघींनी मिळून शोधला तेव्हा तो कमळीच्या अंबाड्यात सापडला. बुधीने तो डोळ्यांवर चढवून पाहिला आणि म्हणाली, सगळं जग वाकडं दिसतं यातून, म्हणून तू सगळं सरळ करायला जातेस. मी पट्टी वापरली हे तिला कसं कळलं, याचा उलगडा मला घाटकोपरला झाला.

घाटकोपर

मगनभाईंचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत लांबच लांब टेबलं, त्यांवर ताणून बसवलेलं कापड. छापणारे ठसा रंगात बुडवतात, कापडावर ठेवतात, वर मूठ हाणतात आणि पुढे सरकतात. धप, धप, धप. सगळ्यांचा ठेका एकच. बाहेर दोऱ्यांवर ओले तागे वाळत होते आणि अंगणात पत्र्याच्या हौदात गडद निळा रंग होता.

मगनभाईंनी आमचं फार अगत्याने केलं. चहा, गाठिया, तळलेली मिरची. मला वाटलं होतं ते वारली बायांना दारात उभं ठेवतील. तसं काही झालं नाही, सगळ्यांना बसायला एकसारख्या सतरंज्या. पण बुधी बसली नाही. भिंतीला तयार पलंगपोसांची चळत लावलेली होती, माझ्या छातीएवढी उंच. ती त्या चळतीपाशी जाऊन उभी राहिली. आणि मग ती जे म्हणाली ते माझ्यापेक्षा कुसुमने बरं सांगितलं: ही देवी लग्नाला येते, लग्न लावून जाते. तुम्ही हिला बोलावलंत, लग्न लावलं नाहीत, आणि आता लोकांच्या पायाखाली घालणार.

मगनभाई गोंधळले. त्यांनी माझ्याकडे हात केला. "मी कोणाचं चोरलं नाही, बेन. बाईंनी आपल्या हाताने दिलं. विचारा त्यांना."

हे अगदी खरं होतं. शेडमधली धपधप थांबली होती, सगळे ऐकत होते. मी उभी राहिले.

"मगनभाई," मी म्हटलं, "मी तुम्हाला दिलं ते माझं नव्हतंच. यांचं होतं, आणि मी यांना विचारलं नव्हतं. चूक माझी आहे."

मगनभाई म्हणाले, तुमचा मोठेपणा आहे बाई, पण फोर्टातलं दुकान थांबणार नाही, आणि मधली देवी काढली तर त्यात उरलं काय? दुकानवाल्याला तीच तर आवडली. त्यांचंही खोटं नव्हतं. एवढा माल पडून राहिला तर त्यांच्या छापणाऱ्यांना होळीला काय मिळणार?

कोपऱ्यात ठसे कोरणारे नारणकाका बसले होते. पिकलेल्या मिशा, कानावर पेन्सिल, आणि दोन्ही पावलांत घट्ट धरलेला सागवानी ठसा. झिजलेल्या ठशाच्या जागी ते नवा कोरत होते, तोच, देवीचा. त्यांनी पटाशी खाली ठेवली. ठसा पायांतून काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, कपाळाला लावला आणि उठून आमच्याकडे आले. हात जोडून म्हणाले, "शेठ, मला कोणी सांगितलं नाही. इतके दिवस मी माताजीला पायात धरून बसलो. आता माझ्याने हे होणार नाही." आणि तो ठसा त्यांनी दोन्ही हातांनी बुधीला दिला.

कारखान्यात ठसे कोरणारा हा एकच माणूस. मगनभाई कपाळाला हात लावून खाली बसले. मग त्यांनी अंगणातल्या हौदाकडे पाहिलं, चळतीकडे पाहिलं, पुन्हा हौदाकडे पाहिलं. व्यापारी माणसाचं डोकं थांबत नाही. ते म्हणाले, सगळे पलंगपोस गडद निळ्यात बुडवले तर छाप दिसणार नाही. साधे निळे म्हणून विकता येतील, कमी भावाने का होईना. मावशीला हे चालेल का?

कुसुमने बुधीला सांगितलं. बुधीने विचार केला. देवी पाण्यात जाणार म्हटल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला. मात्र बुडवताना ती गाणार, आणि कोणी त्या कापडावर पाय ठेवायचा नाही, एवढं तिने बजावलं.

मग जो काही सोहळा झाला! बुधी हौदाच्या काठाशी बसून गात होती. आम्ही सगळे एकेक पलंगपोस हातांवर तोलून आणत होतो, आणि छापणारे लांब काठ्यांनी तो निळ्यात सोडत होते. पांढऱ्यावरची तांबडी देवी एकदा वर यायची, मग हळूहळू दिसेनाशी व्हायची. मगनभाईंनी टोपी काढून ठेवली आणि बाह्या सरसावल्या. माझे हात कोपरापर्यंत निळे झाले, साडी तर वायाच गेली. कुसुम तर हौदातच पडायची, पास्कूने वेळेवर पदर धरला. पेंडीची पोती भरून तो आम्हाला न्यायला आला होता, आणि आल्या आल्या कामाला लागला होता. मला गणपती बोळवल्यासारखं वाटत होतं, फक्त हुरहूर नव्हती. इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

गाणं संपलं तेव्हा बुधी मगनभाईंना म्हणाली, देवी नाही मिळणार, पण नाच देते. तारपा वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हात गुंफून नाचणारी माणसं. तो कुठेही लिहिला तरी चालतो, त्याच्यावर निजलं तरी कोणाचं काही जात नाही. मगनभाई म्हणाले, वा, मग बाई कागदावर काढून देतील. बुधीने माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. लिहायचं तर कमळी लिहील, इथेच.

कमळीने कोऱ्या कापडावर पाटीएवढ्या जागेत गेरू सारवला, काडी चावली आणि तांदळाच्या पिठाने नाच लिहायला घेतला. ती कुठेही थांबली नाही, पुसलं तर काहीच नाही. नारणकाका तिच्या शेजारी मांडी घालून बसले होते. एकदा ते तिच्या माणसांकडे बघत, एकदा माझ्या जुन्या चित्राकडे. शेवटी मला म्हणाले, बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या माणसांच्या अंगात हाडं नाहीत, पट्ट्या आहेत. शेड हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसले, कारण ते अक्षरशः खरं होतं.

निघताना बोलणं झालं. नाच लिहिल्याचे पैसे पाड्याला मिळतील आणि पुढे जेवढं कापड खपेल त्यातही पाड्याचा वाटा असेल. देवाधर्माचं काही छापायचं नाही. शेवटची अट बुधीची: पहिलं कापड पाड्यावर आणून दाखवायचं, आणि ती हो म्हणेल तेव्हाच पुढचं छापायचं. मगनभाई हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला त्या शेवटच्या अटीचा भरवसा वाटला नाही. घाटकोपरचा शेट एका कापडासाठी आरेच्या रानात कशाला येतो?

पुन्हा पाडा

आठ दिवसांनी, माझ्या परतीच्या आदल्या दिवशी, मी कुसुमबरोबर पाड्यावर निरोप घ्यायला गेले होते, तेव्हा मगनभाई आले. पास्कूच्या ट्रकमधून, पुढच्या बाकावर, मांडीवर कापडाचा तागा घेऊन, आणि शेजारी नारणकाका. बूट त्यांनी पाड्याच्या तोंडाशीच काढून हातात घेतले होते. शेणाला भिऊन काढले की मान म्हणून, ते मी विचारलं नाही.

तागा बुधीच्या ओट्यावर उलगडला. मी चित्रकलेची बाई आहे, माझं मत ऐकाल तर सांगते: इतकं देखणं छापील कापड मी पाहिलेलं नाही. तांबड्या मातीच्या रंगात नाचाची रांग या काठापासून त्या काठापर्यंत वळत गेलेली. कोणी वाकलेलं, कोणी उडी घेतलेलं, शेजारच्या कुठल्याही दोघांचं अंग एकसारखं नाही. कमळी आपल्या हाताची माणसं मोजत फिरत होती. कुसुम म्हणाली, झकास. पोरांनी तर कापडाभोवती फेर धरला.

बुधी उकिडवी बसून बोटाने रांग चाचपत चालली होती. एका माणसावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मग बोट थांबलं.

"नाय," ती म्हणाली.

मगनभाई खाली वाकले. तिने दाखवलं: जिथे एक ठसा संपून दुसरा लागतो, तिथे एकाचा हात आणि पुढच्याची कंबर यांच्यामध्ये जोंधळ्याएवढी फट होती. दर सहा माणसांमागे एक.

"हात सुटलाय. हात सुटला का नाच मोडला."

मगनभाईंनी घाम पुसला. ठशाला जोड असतोच, ते म्हणाले, दुकान रोज निरोप पाठवत आहे, आणि एवढ्याशा फटीकडे कोण गिऱ्हाईक बघणार?

"गिऱ्हाईक नाचतां का?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की जाऊ दे गं मावशी, एवढं छान झालंय. मी तोंड उघडलंसुद्धा. कुसुमने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून वण आहे. तिने बरंच केलं, नाहीतर मी पुन्हा एकदा दुसऱ्याच्या वतीने हो म्हणून बसले असते.

मगनभाईंनी नारणकाकांकडे पाहिलं. नारणकाकांनी फटीवरून नख फिरवलं आणि मान हलवली. ही चूक लाकडाची नव्हे, माझ्या हाताची आहे, ते म्हणाले. बुधीला जे सांगायचं होतं ते तिने सांगितलं होतं, आता ती मगनभाईंच्या तोंडाकडे बघत होती.

मगनभाईंनी तागा गुंडाळला. नीट, काठाला काठ जुळवून. मग तो बाजूला ठेवला, धोतर सावरलं आणि सारवलेल्या जमिनीवर तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"बरं, मावशी," ते म्हणाले. "हे नाही. मग कसं पाहिजे, ते सांग."

बुधीने पानात भाकरी घातली, वर वालाच्या शेंगा वाढल्या आणि पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"आदी जेव," ती म्हणाली. "मंग सांगन."